वरून आवाज येईना

दुपार कलायला लागली तरी वरून आवाज आला नाही, तेव्हा बाई पहिल्यांदा घाबरल्या.

तोवर त्या खुशीत होत्या, हे आधीच सांगितलेलं बरं. झाकून काय उपयोग? सकाळपासून काम कसं लोण्यासारखं झालं होतं. एकदाही थांबावं लागलं नाही, एकदाही पुसून पुन्हा म्हणावं लागलं नाही. म्हणजे, एकदा लागलं. पण ते पुढे येतंच आहे.

बाईंचा धंदा आवाजाचा. बँकेला फोन लावा, दवाखान्याला लावा, गॅस कंपनीला लावा. पलीकडून जी बाई मधात घोळवलेल्या आवाजात ‘नमस्कार, आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, कृपया प्रतीक्षा करा’ असं म्हणते आणि आपल्याला ताटकळत ठेवते ना, ती हीच. तुम्हीही कधीतरी तिच्यावर दातओठ खाल्ले असतील. पण त्यात बाईंचा काय दोष? लिहून येईल ते वाचायचं, आणि वाचताना हसायचं. हसू आवाजात उतरतं, असं त्या नव्या मुलींना शिकवायच्यासुद्धा. ओरडणाऱ्या गिऱ्हाइकाशी कसं बोलावं, ‘नाही’ हा शब्द न वापरता नाही कसं म्हणावं, याचे त्यांचे वर्ग चालत. बिल्डिंगीत त्यांना ‘फोनवाल्या बाई’ म्हणत.

रेकॉर्डिंग घरीच. बेडरूममधलं भिंतीतलं कपाट रिकामं करून आत चहूबाजूंनी रजया टांगल्या होत्या. मध्ये स्टूल आणि माइक. दार ओढून घेतलं की आतल्या आत भट्टी. पंखा लावायची सोय नाही, कारण माइक पंखा ऐकतो. माइक सगळंच ऐकतो. आणि सगळ्यात जास्त ऐकायचा तो वरच्या मास्तरांना.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी मास्तर. दुकान कधीच बंद केलेलं, बायको गेलेली, मुलगी लग्न होऊन लांबच्या गावी. एका गुडघ्याने दगा दिलेला, त्यामुळे घरातही काठी. पण पायमशीन काही सुटलं नव्हतं. कुणाची पँट आखूड कर, कुणाच्या पिशवीची चेन बदल, असं दिवसभर चालू. माणूस भारी अदबीचा. गिऱ्हाईक शेंबडं पोर असलं तरी अंगाला हात लावायच्या आधी विचारणार, “लावू का टेप?” आणि पोराने मान डोलावल्याशिवाय टेप लावणार नाहीत.

आता अदब असली तरी मशीन ते मशीनच. खडखड खडखड. मग काठीची टकटक, मग खुर्ची ओढल्याची कर्रर्र. बाईंनी आधी जाळ्या काढायच्या झाडूचा दांडा वापरून पाहिला. छताला दोनदा ठोकलं की वर लगेच शांतता. पण तासाभराने पुन्हा खडखड, कारण मास्तरांना वाटायचं, झालं असेल बाईंचं काम.

शेवटी गेल्या आठवड्यात बाई स्वतः वर गेल्या. भांडायला गेल्या असत्या तर परवडलं असतं. भांडणात निदान समोरच्यालाही तोंड उघडता येतं. बाई आपला कामातला आवाज घेऊन गेल्या. हसऱ्या चेहऱ्याने, एकेक शब्द इस्त्री केल्यासारखा:

“मास्तर, आपली गैरसोय करण्याची माझी अजिबात इच्छा नाही. परंतु आपल्याकडील आवाजामुळे माझ्या कामात व्यत्यय येत आहे. यापुढे वरून एकही आवाज आला नाही, तर मी आपली आभारी राहीन.”

मास्तर दारात ओशाळून उभे. “हो हो, बाई, चुकलंच माझं. या ना आत, बसा. बरं झालं आलात, तुमच्याकडे एक छोटंसं काम...” असं म्हणत त्यांनी हात शर्टाच्या खिशात घातला.

“सहकार्याबद्दल धन्यवाद,” म्हणून बाई जिना उतरल्यासुद्धा. खाली येऊन नवऱ्याला म्हणाल्या, “बघा, आवाज न चढवता काम कसं होतं.” आणि काम झालंच. मशीन थांबलं. काठी थांबली. खुर्ची थांबली.

आज सकाळी मात्र एकदाच धप्प झालं होतं. चांगलं दणकून. ‘आम्ही आपल्या सेवेसाठी सदैव’ इथपर्यंत बाई आल्या होत्या, आणि धप्प! बाईंचं टाळकं सटकलं. कपाटातून बाहेर येऊन त्यांनी दांडा उचलला आणि छताला हाणला. दोनदा नाही, चांगला चार-पाचदा. वर गप्पगार. “हं! असं!” बाई म्हणाल्या, पुन्हा कपाटात शिरल्या आणि हसऱ्या आवाजात म्हणाल्या, ‘सदैव तत्पर आहोत.’

तेव्हापासून वर चिटपाखरू नाही.

काम आटोपून बाई चहाचा कप घेऊन बसल्या, आणि कधी नव्हे ते आपण होऊन कान वर लागला. माणूस घरात असला की कितीही जपला तरी काहीतरी वाजतंच. भांडं वाजतं, नळ वाजतो, खोकला येतो. काहीच नाही. बाथरूमच्या कोपऱ्यातून वरच्या मजल्याचा सांडपाण्याचा पाइप खाली जायचा. बाई तिथे जाऊन उभ्या राहिल्या. पाइपाला हात लावला, मग कान लावला. पाइप कोरडा ठणठणीत. सकाळपासून त्यातून पाणी गेल्याचं त्यांना आठवेना. म्हणजे माणसाने तोंड धुतलं नाही, कप विसळला नाही, बाथरूमला गेला नाही.

“बाहेर गेले असतील,” बाई मोठ्याने म्हणाल्या. स्वतःलाच समजावत होत्या, दुसरं कोण होतं तिथे?

पण ते धप्प काही डोक्यातून जाईना. धप्प म्हणजे नक्की काय पडलं? कापडाचा गठ्ठा पडला तर असा आवाज येत नाही. खुर्ची पडली तर खाडकन येतो, आणि मग ती उचलल्याचाही येतो. हा आवाज जड होता आणि मऊ होता. आणि त्याच्यानंतर काहीच उचललं गेलं नव्हतं. बाईंनी हातातला कप खाली ठेवला.

त्यांनी नवऱ्याला फोन लावला. तो चष्म्याच्या दुकानात कामाला.

“अहो, वरून आवाज येत नाहीये.”

“मग पेढे वाटायचे की काय?” नवरा हसला. “अगं, तूच ना मागे लागली होतीस?”

“तसं नाही हो. सकाळपासून काहीच नाही. पाणीसुद्धा नाही.”

“मुलीकडे गेले असतील. तू पण ना! आवाज आला तरी डोकं उठवतेस, नाही आला तरी डोकं उठवतेस. बरं, गिऱ्हाईक आलंय, ठेवतो.”

धप्पचं बाई त्याला बोलल्या नाहीत. दांड्याचंही नाही.

आता तुम्ही म्हणाल, चार पायऱ्या चढून वर जायला काय झालं होतं? अहो, पण कुठल्या तोंडाने जाणार? जाऊन काय म्हणणार, आवाज का येत नाही? बाई दारापर्यंत गेल्या, परत आल्या. पुन्हा गेल्या. चप्पल घातली, काढली. शेवटी ‘असतीलच बरे, बघते आणि येते’ असं पुटपुटत अनवाणीच वर गेल्या.

मास्तरांच्या कडीला कुणीतरी पिशवी अडकवून गेलं होतं. आत दुरुस्तीला आलेली पँट. म्हणजे गिऱ्हाईक येऊन गेलं आणि दार उघडलं नाही. बाईंनी बेल दाबली. वाजलीच नाही. पुन्हा दाबली, जोरात दाबली. मग दिसलं, बेलची वायर काढून भिंतीवर नीट गुंडाळून ठेवली होती, शिंप्याने दोरा गुंडाळावा तशी.

समोरचं दार उघडलं. समोरच्या वहिनी ड्रायव्हिंग शिकवायच्या. दिवसभर शिकाऊ लोकांच्या बाजूला बसून जीव मुठीत धरायची सवय, त्यामुळे आवाज खणखणीत आणि बोलणं तोडून. नुकत्याच कामावरून आल्या होत्या.

“बेल वाजायची नाही. काढली त्यांनी. खालच्यांना त्रास होतो म्हणे.” मग ‘खालच्या’ कोण ते लक्षात येऊन वहिनी जरा थांबल्या. “तुम्हीच का त्या?”

“मास्तर बाहेर गेलेत का हो?” बाईंनी विचारलं.

“बाहेर? काठीशिवाय कुठे जाणार? काठी तर माझ्याकडे देऊन ठेवलीय.”

“तुमच्याकडे?”

“म्हणाले, घरात असली की हात आपोआप जातो, आणि टेकली की खाली टकटक होते. भिंतीला धरून चालतो म्हणाले. मी म्हटलं, मास्तर, पडाल एखाद दिवशी. तर म्हणतात, पायमोजे घालतो, म्हणजे पाऊलसुद्धा वाजत नाही.”

गुळगुळीत फरशी, पायात मोजे, गुडघा निकामी आणि हातात काठी नाही. त्यांनी दारावर हात मारला. “मास्तर!” हाक मारली खरी, पण आवाज कसला, कामातलाच निघाला, गोड आणि दबका. इतकी वर्षं आवाज चढवायचा नाही हेच शिकवलेलं, तो आयत्या वेळी कुठून चढणार? वहिनींनी त्यांना बाजूला सारलं आणि दोन्ही मुठींनी दार बडवलं. “मास्तर! ओ मास्तर!”

आतून काही नाही. वहिनींचाही चेहरा उतरला.

“सकाळी मी निघाले तेव्हा दिसले नव्हते,” त्या म्हणाल्या. “त्यांच्या मुलीला लावते फोन. तुम्ही दवाखान्यात विचारा. कुणी नेलं असलं तर तिथेच नेलं असेल.”

दवाखान्यात! बाईंनी तो शब्द असा धरला, जसा बुडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो. असू देत दवाखान्यात. कुणीतरी उचलून नेलेलं असू दे, पलंगावर असू देत, सलाइन लागलेलं असू दे. फक्त त्या दाराच्या पलीकडे नसू देत. त्यांनी नंबर लावला.

“नमस्कार,” पलीकडून मधाळ आवाज आला. “आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.”

त्यांचाच आवाज. गेल्या वर्षी त्यांनीच भरून दिलेला.

“अहो, मला फक्त एवढंच...” बाई बोलून गेल्या.

“कृपया प्रतीक्षा करा. आम्ही लवकरच आपल्याशी बोलू.”

मग संगीत. मग पुन्हा नमस्कार. मग पुन्हा महत्त्वाचा. बाईंना त्यातलं हसू ऐकू येत होतं. तेव्हा किती मन लावून हसल्या होत्या त्या! कुणी मरायला टेकलं असेल पलीकडे, आणि ही हसतेय. “गप्प बस गं, गप्प बस ना!” बाई फोनवर ओरडल्या, आणि मेला फोन सदैव तत्पर आहे म्हणून सांगत राहिला.

तेवढ्यात वहिनींना मुलगी फोनवर मिळाली. वहिनींनी फोन मोठ्या आवाजावर टाकला.

“काल रात्री बोललो की आम्ही,” मुलगी सांगत होती. “पण बाबा कुजबुजत होते. म्हटलं घसा बसलाय का? तर म्हणाले नाही गं, असंच. वहिनी, काय झालंय? खरं सांगा.”

“काही झालं नसेल हो. पण दार उघडत नाहीयेत. दुसरी किल्ली कुणाकडे आहे?”

“खालच्या बाईंकडे! मीच सांगितलं होतं बाबांना, एकटे राहता, त्या दिवसभर घरी असतात, एक किल्ली त्यांच्याकडे ठेवा. बाबा म्हणाले, खिशातच घालून ठेवलीय, भेटल्या की देतो. दिली असेल ना?”

वहिनींनी बाईंकडे पाहिलं. बाईंच्या डोळ्यांपुढे मास्तरांचा शर्टाच्या खिशात गेलेला हात आला. एक छोटंसं काम. दोन मिनिटं उभं राहायचं होतं, आणखी काही नाही. एवढंही त्यांना जमलं नव्हतं, कारण वाक्य छान संपलं होतं आणि छान संपलेल्या वाक्यावर निघून जायचं असतं, हे त्या स्वतःच शिकवायच्या.

“नाही दिली,” बाई म्हणाल्या. “मी... घेतली नाही.”

फोनमध्ये मुलगी रडायला लागली. वहिनींनी तिला दरडावूनच धीर दिला, बाईंच्या फोनवरून कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, येतो, पण हातातलं कुलूप पुरं करून. वहिनी म्हणाल्या, ते कुलूप गेलं खड्ड्यात, तू आधी निघ.

आता वाट पाहायची. जिन्यात उभं राहून. मनात नको ते हिशोब सुरू. सकाळी धप्प झालं. त्यानंतर त्यांनी ठोकलं. त्यानंतर तीन रेकॉर्डिंगं केली, जेवल्या, ताट धुतलं, आरशासमोर उभं राहून केस विंचरले. तेवढा सगळा वेळ वर तो माणूस... पुढचं वाक्य त्यांना मनातसुद्धा पुरं करवेना. श्वास असेल का? दार उघडल्यावर आधी काय दिसेल? पाय दिसतील का? मोजे घातलेले?

आणि दुसरी भीतीही होती बरं का, लपवण्यासारखी. ती ही, की सगळ्यांना कळेल. मुलीला कळेल, वहिनींना कळेल, नवऱ्याला कळेल. ही भीती पहिलीच्या आड येऊन बसली होती, आणि बाईंना स्वतःचीच किळस आली.

एकाएकी बाई वळल्या आणि धाडधाड जिना उतरल्या.

“अहो, कुठे चाललात?” वहिनी वरून ओरडल्या.

बाई घरात शिरल्या, तो झाडू उचलला, पलंगावर चढल्या. जिथे सकाळी दांडा हाणला होता तिथेच त्यांनी तो छताला लावला आणि ठोकलं.

“मास्तर! ऐकू येतंय का? मी खालची!”

काही नाही.

“मास्तर, आवाज करा! हात आपटा, पाय आपटा, काहीही करा!” आता मात्र आवाज चढला. चढला कसला, फाटला. मध उडून गेला आणि आतून खरखरीत, बेसूर, त्यांनी स्वतःही कधी न ऐकलेला आवाज निघाला. “मास्तर, पाया पडते तुमच्या! एकदा आवाज करा हो! एकदाच!”

त्यांनी श्वास रोखला. रस्त्यावरून एक गाडी गेली. तिचा बाईंना असा राग आला की विचारू नका. मग शांतता. मग पुन्हा शांतता.

आणि मग टक्.

इतकं हळू, की दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नसतं. पण बाईंचे कान तयार कान. टक्. थोडं थांबून आणखी एक टक्. एखाद्याच्या दारावर, घरी आजारी माणूस असेल म्हणून, बोटाच्या टोकाने वाजवावं तसं.

“आहेत!” बाई किंचाळल्या. “वहिनी, आहेत! आहेत! ॲम्ब्युलन्स बोलवा!”

किल्लीवाला आला तो आल्या आल्या अडून बसला. दुसऱ्याचं दार असं फोडत नाही म्हणाला, घरमालक कोण, परवानगी कुणाची? मुलीने फोनवरून हात जोडले, वहिनींनी हात उगारला, तेव्हा त्याने हत्यारं काढली. धातूवर धातू घासल्याचा कर्कश आवाज सगळ्या जिन्यात घुमायला लागला. बाई त्याला म्हणत होत्या, “जोरात, दादा, जोरात!”

दार उघडलं. मास्तर मशीन आणि पलंग यांच्या मधे एका कुशीवर पडले होते. गाल फरशीला लागलेला, एक पाय भलत्याच कोनात, पायात पांढरे मोजे. ओठ पांढरेफटक, पण डोळे उघडे होते. त्यांनी आधी आलेल्या माणसांकडे पाहिलं आणि मग शर्ट खाली ओढून नीट करायचा प्रयत्न केला.

“या,” मास्तर म्हणाले. म्हणाले म्हणजे ओठ हलले. “पसारा पडलाय, माफ करा हं.”

बाई त्यांच्याजवळ मटकन बसल्या. वहिनींनी कापड ओलं करून त्यांच्या ओठांना लावलं. डॉक्टर येईपर्यंत पाणी पाजायचं नाही, हलवायचं नाही, असं त्या बजावत होत्या. मग वहिनींना जे सुचायचं तेच सुचलं.

“कधी पडलात, मास्तर?”

“सकाळी... चहा ठेवायला उठलो होतो.”

“सकाळी! एवढं मोठं शरीर पडलं, मग खाली आवाज कसा नाही गेला?”

आला, तो प्रश्न आलाच. पण त्यांनी तोंड उघडायच्या आत मास्तरच बोलले, धापा टाकत, एकेक शब्द वेचत:

“त्यांना कसा ऐकू येणार? त्या कपाटात बसून काम करतात, रजया लावून. त्यांचा काही... काही दोष नाही.”

पडलेला माणूस आपल्याला सावरतोय, हे बाईंना कळलं आणि मग त्यांना ते सोसवेना.

“आला होता आवाज,” त्या म्हणाल्या. “वहिनी, मी ऐकला होता. ऐकून मी वर दांडा हाणला. गप्प बसा म्हणून.”

किल्लीवाल्याने हत्यारं भरता भरता हात थांबवला. फोन चालूच होता, त्यातून मुलीच्या श्वासाचा आवाज येत होता.

“हो, ते ऐकलं मी,” मास्तर म्हणाले, अगदी साधेपणाने. “म्हटलं, काम चालू आहे. झालं की हाक मारू. मग मधे... डोळा लागला की काय झालं, कळलं नाही. जाग आली की तुमचा आवाज यायचा खालून. कान जमिनीलाच होता ना. छान बोलत होतात. मदतीचं काहीतरी. तेवढीच सोबत झाली.”

बाईंना ‘क्षमस्व’ म्हणता येईना. आयुष्यात हजारदा म्हटलेला शब्द होता तो. त्यांनी मास्तरांचा हात हातात घ्यायला हात पुढे केला आणि मधेच थांबवला. “धरू का?” त्यांनी विचारलं. मास्तरांनी पापण्यांनीच हो म्हटलं. हात बर्फासारखा गार होता.

ॲम्ब्युलन्सची माणसं आली. पाय फळीला बांधला, पट्टे आवळले. त्यांच्यातला मोठा बाईंना बाजूला घेऊन म्हणाला, वय आहे, खुबा गेलेला दिसतोय, खूप वेळ पडून होते, आत्ता काही सांगता येत नाही. तुम्ही कोण यांच्या? बाई म्हणाल्या, मी खालची.

जिना अरुंद होता. स्ट्रेचर तिरकं करावं लागलं, आणि पहिल्याच वळणावर मास्तरांचा चेहरा पिळवटला. त्यांनी अंगावर घातलेल्या चादरीचं टोक तोंडात धरलं आणि दात आवळले. कपाळावर घामाचे थेंब जमले, मानेच्या शिरा तटतटल्या, पण तोंडातून ब्र नाही. पुढच्या पायरीवर पुन्हा तसंच. बाई स्ट्रेचरच्या बाजूने भिंतीला घासत उतरत होत्या. बाईंचं दार आलं. तिथे तर मास्तरांनी डोळेही मिटून घेतले, झोपलेल्या घरासमोरून जावं तसे.

बाईंनी त्यांच्या तोंडातलं कापड हलकेच ओढून काढलं. त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

“ओरडा हो, मास्तर,” त्या म्हणाल्या. “मोठ्याने ओरडा. इथे कुणाचं काही काम नाही.”

स्ट्रेचरवाल्यांनी पुढची पायरी घेतली, आणि मास्तर ओरडले. असे ओरडले की वरपासून खालपर्यंत सगळ्या बिल्डिंगीची दारं उघडली आणि माणसं जिन्यात येऊन उभी राहिली.